दाढांमधली रबरे

या व्याख्यानमालेत आम्ही यापूर्वी दोनदा उभे राहिलो आहोत. एकदा बोनसच्या प्रश्नावर आणि एकदा कंत्राटी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीवर. त्यामुळे यंदाचा विषय कळवला तेव्हा चिटणिसांनी फोन करून खात्री करून घेतली. "दाढांमधली रबरे म्हणजे हे काही रूपक आहे का?" असे त्यांनी विचारले. रूपक नाही. दाढ म्हणजे दाढच आणि रबर म्हणजे रबरच. मसुराच्या दाण्याएवढी एक बारीक कडी, जी दातांना तारा बसवण्यापूर्वी दोन दाढांच्या मध्ये घालतात आणि आठवड्या-दीड आठवड्याने काढून टाकतात. तिच्यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे श्रोत्यांपैकी अनेकांना वाटले असेल. दोन वर्षांपूर्वी आम्हांलाही तसेच वाटले असते.

आपल्या गावात दातांना तारा लावलेली मुले आता रस्त्याने सर्रास दिसतात. आमच्या लहानपणी असे मूल दिसले तर ते डॉक्टरांचे किंवा वकिलांचे, असे खुशाल समजावे. आज ते रिक्षावाल्याचे असते, शिंप्याचे असते, कारखान्यातील हेल्परचेही असते. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे उपचार खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत होतात, आणि आईबाप ते पैसे हप्त्याहप्त्याने भरतात. ही चांगली गोष्ट झाली. पण तारा बसवायच्या आधीचा जो आठवडा असतो, त्याच्याविषयी घरी कोणालाच धड माहिती नसते. दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टर चार वाक्ये सांगतात, त्यांतली दोन जिना उतरेपर्यंत विसरतात. आम्ही दंतवैद्य नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आम्हांला जे कळले ते एका मुलीच्या तोंडात डोकावून, डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि मग त्या विषयावरची पुस्तके चाळून कळले.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. या कडीला डॉक्टर सेपरेटर म्हणतात, काही जण स्पेसर म्हणतात, आणि घरोघर तिला नुसते 'रबर' म्हणतात. दुधाचा दात अकाली पडला तर त्याखालच्या पक्क्या दाताची जागा राखण्यासाठी एक तारेचे साधन बसवतात, त्याला स्पेस मेंटेनर म्हणतात. पुष्कळ पालक या दोहोंत गल्लत करतात. ते साधन असलेली जागा राखते आणि महिनोन् महिने तोंडात राहते. आपले रबर नसलेली जागा करते, आणि ते काही दिवसांचे पाहुणे असते. ही गल्लत निरुपद्रवी नाही, हे पुढे दिसेल.

जागा कशासाठी हवी? तारांचा सगळा ताण शेवटी मागच्या दाढांवर येतो. मांडवाची दोरी ज्या खुंटीला बांधायची ती खुंटी पक्की हवी, तसे हे आहे. म्हणून सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या त्या मोठ्या दाढेभोवती पोलादाचे एक पातळ कडे चढवून ते सिमेंटने पक्के करतात. या कड्याला बँड म्हणतात. त्याच्या पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी असते. पण दाढा एकमेकींना इतक्या खेटून उभ्या असतात की तेवढाही पत्रा त्यांच्यामधून उतरत नाही. जबरदस्तीने उतरवला तर मुलाच्या डोळ्यांत पाणी येते आणि कडेही नीट बसत नाही. म्हणून आधी दाढांना किंचित बाजूस सरकवावे लागते. किती? सुमारे पाव मिलिमीटर. पोस्टकार्डाची जाडी यापेक्षा फारशी निराळी नसते.

पूर्वी ही यातायात प्रत्येक दातासाठी होती. एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) या अमेरिकन दंतवैद्याने वाकड्या दातांच्या उपचाराला शास्त्राची शिस्त लावली. त्याच्या काळात आणि त्यानंतरही कित्येक दशके तार अडकवण्याची खाच दातावर चिकटवण्याची सोयच नव्हती. ती खाच कड्यावर असे आणि कडे दाताभोवती असे, म्हणजे तोंडातल्या जवळजवळ सगळ्या दातांना कडी, आणि त्या सगळ्या दातांमध्ये फटी. फट पाडण्यासाठी पितळेची तार दोन दातांमधून ओवून तिला पीळ देत. ज्यांनी ती सोसली त्यांच्यापुढे आजच्या आठ रबरांची तक्रार करणे अवघड आहे.

हे बदलले ते एका कारखान्यातल्या युक्तीमुळे, आणि ही हकीकत आम्हांला विशेष आवडते. पत्र्याला रंग नीट धरावा म्हणून रंगवण्यापूर्वी त्यावर फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया करतात, हे रंगखात्यात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे मायकेल ब्युओनोकोर या संशोधकाने हीच युक्ती दातावर करून पाहिली. दाताच्या वरच्या आवरणावर हे आम्ल अर्धा मिनिट लावून धुतले, की पृष्ठभाग सूक्ष्म खरबरीत होतो आणि त्यावर राळेसारखा प्लॅस्टिकचा पदार्थ घट्ट धरतो. हा निबंध १९५५ साली प्रसिद्ध झाला. पुढील वीस-पंचवीस वर्षांत तारेची खाच थेट दातावर चिकटवण्याची पद्धत रूढ झाली आणि पुढच्या दातांची कडी गेली. दाढांची मात्र बऱ्याच ठिकाणी राहिली, कारण चावण्याचा सगळा मार तिथे असतो आणि नुसती चिकटवलेली वस्तू तिथे निखळते. आजकाल काही डॉक्टर दाढेवरही नळी चिकटवतात, मग रबराची गरजच पडत नाही. टाळू रुंद करण्याचे साधन बसवायचे असेल तर बहुधा कडी लागतातच. आपल्या मुलास रबरे लागणार की नाही, हा प्रश्न डॉक्टरांस विचारण्यात काहीच गैर नाही.

आता त्या मुलीकडे येऊ. ती आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय तेरा. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, एका कारखान्यात पाळीवर कामाला आहेत. पहिल्या तारखेला त्यांना रजा मिळाली नाही म्हणून तिला घेऊन आम्ही गेलो. डॉक्टर तरुण होते. एका चिमट्याच्या दोन टोकांवर त्यांनी निळी कडी चढवली, चिमटा दाबताच ती ताणून लांबट व पातळ झाली, आणि दोन दाढांमधून आपण दोरा ओढतो तशी करवतीसारखी पुढेमागे करीत त्यांनी तिची एक बाजू खाली उतरवली. चिमटा काढताच कडी आखडली. आता तिचा अर्धा भाग दाढा जिथे खेटतात त्या जागेच्या वर आणि अर्धा खाली, हिरडीच्या बाजूला. ताणलेले रबर पुन्हा जाड होऊ पाहते, आणि त्याला जागा नसते म्हणून ते दाढांना बाजूस रेटते. एवढीच सगळी यंत्रविद्या. चार दाढांच्या पुढे एकेक आणि मागे एकेक, अशी आठ रबरे दहा मिनिटांत बसली. पोरीने एकदाच पाय आपटला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मामा, दाढेत मटणाचा धागा अडकल्यासारखं वाटतंय. आठ ठिकाणी." यापेक्षा अचूक वर्णन आम्हांला कोठल्याही पुस्तकात आढळले नाही. जीभ सारखी तिकडे जाते, दातकोरणी हातात घ्यावीशी वाटते. ती घ्यायची नाही. जे अडकले आहे ते अडकण्यासाठीच घातलेले आहे.

दुखणे लगेच सुरू होत नाही, आणि म्हणूनच ते फसवते. बसवताना दाब जाणवतो, मग तास-दोन तास बरे असते, मूल खेळायला जाते. तीन-चार तासांनी ठणका सुरू होतो. दुसरा दिवस सर्वांत वाईट. तिसऱ्या दिवसापासून उतार पडतो आणि आठवडा संपेपर्यंत बहुतेकांचे दुखणे विसरल्यासारखे होते. काही मुलांना जवळजवळ काहीच होत नाही, तर काहींना दोन रात्री नीट झोप लागत नाही. दोन्ही प्रकार नेहमीचेच. आमच्या भाचीची दुसरी रात्र वाईट गेली. बहीण घाबरली आणि रात्री साडेदहाला तिचा फोन आला, "दादा, ते काढून टाकू का? पोरगी रडतेय."

हे का होते ते समजले की घाबरण्याचे कारण उरत नाही. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो, आणि त्या तंतूंवर दात टांगलेला असतो. आपण खडा चावला की क्षणात कळते, ते या पडद्यातील मज्जातंतूंमुळे. रबराच्या रेट्याने दात एका बाजूला झुकतो. त्या बाजूचा पडदा चेपला जातो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, आणि शरीर त्या जागी दाहाची द्रव्ये सोडते. प्रोस्टाग्लॅंडिन हे त्यांपैकी एक. या द्रव्यांमुळे पडदा हळवा होतो, म्हणून साधा भात चावतानाही दात उंच झाल्यासारखा वाटतो व कळ येते. पण हीच द्रव्ये हाडाच्या पेशींनाही जागे करतात. रेटा ज्या बाजूस आहे तिथे हाड कुरतडणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि ज्या बाजूस ताण आहे तिथे हाड बांधणाऱ्या. दात सरकतो तो असा, एकीकडे भिंत पाडीत आणि दुसरीकडे बांधीत. रबराच्या आठवड्यात यातील आरंभच होतो. पुढची दीड-दोन वर्षे तारा हेच काम करीत असतात. हलका पण न थांबणारा रेटा मोठ्या धक्क्यापेक्षा अधिक काम करतो, ही गोष्ट आम्हांला निराळी शिकवावी लागली नाही.

म्हणून बहिणीला सांगितले की काढू नको. डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल मुलीच्या वजनाच्या हिशेबाने दे, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला सांग आणि उद्या तिला भाकरीच्या वाटेस लावू नको. औषधाबद्दल दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. सोळा वर्षांखालील मुलास घरातली ॲस्पिरिन देऊ नये. क्वचित, पण मेंदू व यकृत यांवर घाला घालणारा विकार त्यातून उद्भवतो. आयब्युप्रोफेनने ठणका थांबतो, परंतु ते ज्या द्रव्याला अडवते तेच द्रव्य दात सरकवण्याच्या कामीही येते, म्हणून काही डॉक्टर पॅरासिटामॉल बरे असे म्हणतात. एखाद-दुसऱ्या गोळीने उपचार बिघडत नाही. गोळी रोज उठून घेण्याची नाही, एवढेच. आणि आपल्या आजीबाईंचे लवंगेचे तेल येथे उपयोगी नाही. ते किडलेल्या दाताच्या ठणक्यासाठी. येथे दात किडलेला नाही, आणि तेलाच्या बोळ्याने हिरडी मात्र भाजते.

खाण्याचे म्हणाल तर पहिले दोन दिवस आपल्या स्वयंपाकघरात उपाशी राहण्याची काहीच गरज नाही. वरणभात, मऊ खिचडी, उपमा, ताकात कुस्करलेली भाकरी, दुधात भिजवलेली पोळी, केळे. बहिणीने तिसऱ्या दिवशी शिरा केला, त्यामुळे धाकट्या मुलालाही रबरे बसवून घ्यावीशी वाटू लागली. दुखणे थांबल्यावर मूल नेहमीचे खाऊ लागते, आणि खरी काळजी तेव्हापासून. चिकट पदार्थ रबराचे वैरी आहेत. चिक्की, गुडदाणी, तिळाची चिवट वडी, टॉफी, च्युइंग गम यांपैकी काहीही रबराला धरून वर ओढते. उसाचे कांडे, फुटाणे, सुपारी हेही नको. दात नेहमीसारखे घासावेत, उलट जरा अधिक निगुतीने, कारण रबराभोवती अन्न साचते व हिरडी लालसर होते. त्या दाढांमधून दोरा किंवा दातकोरणी मात्र अजिबात फिरवू नये. ज्या मुलाच्या हृदयाच्या झडपांत दोष आहे, सांधेतापाने म्हणा की जन्मतः, त्याच्या पालकांनी रबर बसवण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. हिरडी दुखावली की तोंडातील जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते, आणि अशा मुलांना आधी औषध द्यावे लागू शकते.

रबर पडले तर काय? ते पुष्कळदा पडते. दोन-तीन दिवसांतच पडले तर दवाखान्यात फोन करावा, पुन्हा बसवावे लागते. तारखेच्या आदल्या दिवशी पडले तर बहुधा त्याचे काम झालेले असते, तरी कळवावे. गिळले गेले तर ते पोटातून आपल्या वाटेने निघून जाते, केळी खाऊ घालण्याची धावपळ नको. मात्र पडते वेळी मुलाला ठसका लागून खोकला थांबेना किंवा श्वास लागला, तर थेट इस्पितळ गाठावे, कारण मग ते श्वासनलिकेत गेल्याची शंका येते. असे क्वचितच होते. घरच्या घरी सुई-दोऱ्याने रबर परत बसवू नये. एका सुपरवायझरने आपल्या मुलाच्या बाबतीत तो प्रयोग केल्याचे आम्हांला अभिमानाने सांगितले होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला ती सांगतो.

भाचीला आठव्या दिवशीची तारीख दिली होती. त्या आठवड्यात आम्ही एका करारासाठी परगावी अडकलो. दाजींनी रजा मागितली, ती मिळाली नाही. पाळी बदलून मागितली, तर पुढच्या आठवड्यात बघू असे उत्तर आले. बहीण एकटीने परगावच्या त्या मोठ्या रुग्णालयात जायला धजेना. एव्हाना पोरीचे दुखणे पार थांबले होते. ती शाळेत जात होती, भाकरी खात होती. मग घरात सगळ्यांचे एकमत झाले की दुखत नाही तर घाई कसली, तारा बसायच्या त्या बसतीलच. शेजारच्या एका बाईंनी तर सांगितले की त्यांच्या नातवाच्या दातात असलेच काहीतरी वर्षभर होते. ते होते स्पेस मेंटेनर. आठवड्याचे दोन झाले, दोनाचे तीन झाले. आम्ही परत आलो, विचारले, "काय म्हणतात डॉक्टर?" तेव्हा उलगडा झाला. सव्विसाव्या दिवशी आम्ही तिला घेऊन गेलो.

डॉक्टरांनी एकेक रबर काढून कागदावर ठेवले आणि मोजले. सात. "आठवे कुठे आहे?" भाची म्हणाली, "पडलं असेल. खाताना." त्यांनी विचारले, "पडलेले डोळ्यांनी पाहिलेस का?" तिने पाहिले नव्हते. कोणीच पाहिले नव्हते. आठ बसवली होती हेही त्या खोलीत डॉक्टरांच्या कार्डाखेरीज कोणाच्या लक्षात नव्हते, आम्ही शेजारी उभे असूनही.

रबराचा जोर पहिल्या काही दिवसांचा असतो. तेवढ्यात दाढा सरकतात, आणि तोंडातील ओलाव्याने व उष्णतेने रबरही सैल पडत जाते. मग फट रुंद आणि कडी ढिली, अशी स्थिती येते. तिथे ते कोठेही जाऊ शकते. वर सरकले तर तोंडात पडते, हे चांगले. खाली सरकले तर हिरडीच्या आत शिरते, आणि दाढ आपली पूर्ववत मिटते. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. क्ष-किरण चित्र काढले तरी बहुतेक रबरे त्यात उमटत नाहीत. ती भडक निळ्या-हिरव्या रंगाची करतात ती शोभेसाठी नव्हे, डोळ्यांनी सापडावीत म्हणून. आत राहिलेल्या रबराभोवती हिरडी सुजते, पू धरते, आणि महिनोन् महिने कोणाच्या लक्षात आले नाही तर भोवतालचे हाड झिजते. वाकडे दात सरळ करायला निघालेल्या मुलाची निरोगी दाढ हलू लागल्याची उदाहरणे दंतवैद्यांनी नोंदवून ठेवली आहेत.

आमच्या मुलीच्या वरच्या उजव्या दाढेमागची हिरडी फुगलेली होती आणि स्पर्श होताच रक्त आले. डॉक्टरांनी ती जागा बधिर केली, बारीक आकड्याने आत शोधले, आणि दोन-तीन मिनिटांनी निळ्याचा करडा झालेला तो तुकडा बाहेर काढला. मुलगी रडली नाही, आमच्या हाताला मात्र घाम सुटला होता. हिरडी दोन आठवड्यांत भरून आली. पण ती फट मिटलेली असल्याने तेवढ्या एका जागी नवे रबर घालावे लागले, पुन्हा एक आठवडा, पुन्हा एक वाईट रात्र. त्या वेळी बहिणीने दिनदर्शिकेवर तारखेभोवती लाल वर्तुळ काढले आणि आत '१' असा आकडा घातला. रबर किती, तो आकडा. हे आम्हांला पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. माणसांची हजेरी मोजण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत, आणि आठ रबरे आम्ही मोजली नाहीत.

कारखान्याचा दोष काढणे सोपे आहे आणि तो आम्ही काढणारच. परंतु ज्या माणसाने रजा नाकारली त्याच्या दृष्टीने 'मुलीच्या दातातले रबर काढायचे आहे' हे कारण थट्टेचेच होते. ताप आला, हाड मोडले, तर तो नाही म्हणाला नसता. आमची उमेदवारी ज्या कायद्याखाली गेली त्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात भरपगारी रजेचे कलम होते. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा, पंधरा दिवस आधी लेखी अर्ज, आणि वर्षातून तीनपेक्षा अधिक वेळा नाही. कामगार स्वतः आजारी पडला तर पंधरा दिवसांची अट सुटे. त्या काळी ते कलम मोठे वाटले, आणि होतेही. पण ते गावाला जाण्यासाठी, लग्नकार्यासाठी, सुगीसाठी बांधलेले होते. दातांच्या तारांचा उपचार दीड-दोन वर्षांचा, आणि दर चार-सहा आठवड्यांनी एक फेरी. म्हणजे वर्षाला दहा-बारा वेळा, प्रत्येक वेळी अर्धा दिवस. मधुमेहाचा, डोळ्यांचा, मूल मतिमंद असेल तर त्याच्या व्यायामाचाही हिशेब असाच. पूर्वी दुखणे म्हणजे माणूस आडवा पडणे. आता निम्मे वैद्यक हे उभ्या माणसाला ठरल्या दिवशी बोलावणारे वैद्यक झाले आहे, आणि आमच्या करारांत त्या दिवसाला नावच नाही.

पुढच्या करारात आम्ही मागणी घातली, ती अशी. स्वतःच्या किंवा मुलाच्या उपचाराचे तारखेचे कार्ड दाखवल्यास महिन्यातून एकदा चार तासांचा भरपगारी पास. व्यवस्थापनाच्या बाजूच्या एका गृहस्थांनी हसून विचारले, "रबरासाठी पास?" ते करडे रबर डॉक्टरांनी आम्हांला कागदाच्या पुडीत दिले होते. ते आम्ही टेबलावर ठेवले आणि ते कोठून निघाले ते सांगितले. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांच्याही मुलाला तारा होत्या असे मागाहून कळले. त्यांच्याकडे मोटार होती आणि बायकोला ती चालवता येत होती, म्हणून तारीख चुकण्याचा प्रश्न त्यांच्या घरी कधी आला नव्हता.

भाचीची कडी सहाव्या आठवड्यात बसली. रबरे काढल्यावर कडे दाढेवर बोटाने दाबताच अर्ध्यापर्यंत उतरले, हे आम्ही शेजारी उभे राहून पाहिले. फट टिकत नाही, काही दिवसांत मिटते, म्हणून रबर काढणे आणि कडी चढवणे बहुधा एकाच बैठकीत करतात. ती तारीखही चुकवून चालत नाही.

करारात चार तासांऐवजी दोन तास मिळाले. आमच्या गावाहून त्या रुग्णालयापर्यंत एस.टी.ने जायलाच पाऊण तास लागतो, आणि तिथली रांग वेगळी. उरलेल्या दोन तासांची मागणी पुढच्या करारासाठी लिहून ठेवली आहे.